चिनी भोवरा आणि मी

मित्रांनो, मी एक जुना भोवरा आहे आणि स्वभावाने जळका आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. सावंतवाडीत लेथवर मी घडलो. शिसवीचं अंग, खाली लोखंडी आर. मनोहर आजोबा लहान असताना त्यांनी मला सुताची जाळी गुंडाळून फेकलं आणि गल्लीतले कितीतरी भोवरे फोडले. पुढे मी कपाटात पडलो. यंदा आजोबा पुण्याहून आपल्या मुलाकडे, नेदरलँड्समधल्या न्यूनेनला आले, तेव्हा नातीला शिकवायचं म्हणून मला घेऊन आले. त्या अश्लेषाने मला पाहिलं, "क्यूट!" म्हटलं आणि सायकल काढून ती निघून गेली.

ऑक्टोबरच्या सुट्टीत सगळे चीनमधल्या चेंगदूला फिरायला गेले. आजोबांनी मला कोटाच्या खिशात घातलं. वाटलं, आता आपले दिवस आले! शहराच्या चौकात, बागेच्या फाटकाशी, बायका रांगेने नाचत होत्या. शेजारी एक म्हातारे गृहस्थ लांबलचक चाबकाने भोवरा फिरवत होते. भोवरा कसला, तांब्याएवढा धोंडा! ना जाळी, ना नेम. मार खाऊन फिरण्यात कसली आली कला?

अश्लेषा मात्र टाळ्या पिटत होती. "आजोबा, यू ट्राय!"

आजोबांनी चाबूक घेतला. एकमेकांची भाषा कळत नसताना दोघे म्हातारे खदखदून हसू लागले. खिशात माझा नुसता जळफळाट! निघताना त्या गृहस्थांनी तो धोंडा चाबकासकट आजोबांना भेटच देऊन टाकला.

न्यूनेनला परतल्यावर बागेत रोज तोच. मी खिडकीत धूळ खात. नव्याची नवलाई नऊ दिवस म्हणतात, पण माझ्या नशिबी ते नऊ दिवस काही संपेनात.

मग आजोबांची परत जायची वेळ आली. बॅगेत त्यांनी चिनी भोवरा धोतरात गुंडाळून ठेवला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात त्यांनी मला उचलून अश्लेषाच्या हातात दिलं.

"हा तुझ्यापाशी राहू दे."

"बट आय कान्ट डू इट, आजोबा."

"म्हणूनच ठेवतोय. जमला की फोनवर दाखव. तिकडे मला एकट्याला तो पुरे."

आता रविवारी फोनवर आजोबा गच्चीत त्या धोंड्याला फिरवताना दिसतात. त्यांचा हात त्याला मिळतो, मला नाही, याचं अजून पोटात दुखतं. अश्लेषा जाळी सैल गुंडाळते, मला वाकडं फेकते, मी आडवा पडतो. तरी मित्रांनो, जुनी खेळणी जपायची म्हणून खिडकीत मांडू नका. त्यांना पोचे पडू द्या.

काल मी स्वयंपाकघराच्या फरशीवर पहिल्यांदा सरळ उभा राहिलो आणि गरगर फिरलो. अश्लेषा फोन धरून ओरडली. पलीकडे आजोबा चाबूक मारायचं विसरले आणि माझ्याकडेच बघत राहिले. त्यांच्या मागे तो चिनी भोवरा हळूहळू कलंडला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.