दुसरा ओटीपी

माझ्या अक्कानं आजवर कुणाचा फॉर्म चुकवलेला नाही. जून लागला की तिच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात पोरींची रांग लागते. माझा मात्र तिनं घरी, माझ्या शेजारी बसून भरला, म्हणून मी निर्धास्त होते. मूर्ख होते, दुसरं काय!

दोन महिने आम्ही दोघींनी वही घेऊन विद्यापीठं धुंडाळली होती. मुंबईचं नाव मोठं, पण हॉस्टेलचा भरवसा नाही. नागपूर लांब. पुण्याचं एवढं अवाढव्य, की अक्का म्हणाली, "दाने, तितं हरवशील बग." मी म्हटलं, मला हरवायचंच आहे. इथं सोलापूरच्या बाळीवेशीत मी शिंकले तरी अप्पांना कळतं. शेवटी क्रम ठरला: पुणे, मुंबई, नागपूर. सोलापूर सगळ्यात खाली, अगदीच काही नाही मिळालं तर. अप्पा दोन दिवस गप्प होते, मग कानडीत एकच शब्द बोलले, "होगु." जा. मी घरभर नाचले.

पहिल्या फेरीची यादी लागली. सोलापूर, पसंतीक्रम एक. पहिल्या पसंतीचं मिळालं की जागा पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. पुण्याची यादी तर माझ्यापेक्षा चार टक्के कमी असलेल्या पोरीपर्यंत उतरली होती.

मी थेट अप्पांवर धावून गेले. "तुमीच बदलायला लावलं ना? तोंडावर जा म्हणायचं आणि मागनं हे!"

अप्पा चहाची बशी हातात धरून बघतच राहिले. "मी कशाला? पुण्यात माज्या दोस्ताच्या, चन्नवीरच्या घराजवळ तुज्यासाठी खोली बगून आलो की परवा."

अप्पा चिडतात, ओरडतात, पण खोटं बोलत नाहीत. मग मला शेवटच्या तारखेची संध्याकाळ आठवली. मी भाकरी थापत होते. अक्काचा दुकानातून फोन आला, "अप्पांच्या फोनवर अजून एक ओटीपी आला आसंल, सांग. फॉर्म अडकलाय." अव्वाला, म्हणजे आईला, रोज बजावणारी मी, की ओटीपी कुणाला सांगायचा नाही. पिठाच्या हातांनी फोन धरून सहाही आकडे वाचून दाखवले. हेल्पलाइनला फोन लावला, तर तिथली बाई म्हणाली, ओटीपी तुमच्याच नंबरवर गेलाय, म्हणजे बदल तुम्हीच केलाय.

दुकानात अक्का एकटीच होती. मी काही विचारायच्या आधीच तिनं कीबोर्ड बाजूला सारला.

"सहा वर्सांमागं मला पुणं लागलं होतं," ती म्हणाली. "तू माजी ओढणी धरून बसलीस. दोन दिवस जेवली न्हाईस. अप्पा म्हणले, धाकटीसाठी ऱ्हा. मी ऱ्हायले."

मला एवढंच आठवत होतं, की अक्का गेली नाही आणि मला लई आनंद झाला होता.

"म्हणून माजा क्रम बदललास? दोन महिने माज्यासंगं वही भरत बसलीस ते काय होतं मग?"

"ते खरं होतं." ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी अप्पा खोलीचं बोलायला लागले. मला कदी कुणी खोली बगितली न्हाय, दाने. तू बी गेलीस, तर मी हितं कुणासाठी ऱ्हायले?"

तरीही राग तसूभर कमी झाला नाही. परक्या कुणी केलं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. हिच्याशी भांडून कुठं जाणार? हिच्याच घरात, हिच्याच शेजारच्या अंथरुणावर मला अजून चार वर्षं झोपायचं होतं.

"मी तवा बारा वर्सांची होते, अक्का," मी म्हटलं. "तू आज चोवीसची हायेस."

ती रडायला लागली. ती रडली की आजवर मीच तिला जवळ घेत आले. त्या दिवशी मी टेबलाच्या अलीकडे तशीच उभी राहिले.