गोम्बेच्या डोक्यावरची काच

मित्रांनो, मी एक जुनी काच आहे. खिडकीची नव्हे, आरशाची नव्हे. माशांच्या टाकीवर आडवी पडून राहणारी. मला दोन बाजू आहेत आणि दोघींचं एकमेकींशी फारसं पटत नाही. वरची माणसांकडे बघते, खालची पाण्याकडे. म्हणून माझी गोष्ट सलग येणार नाही. कधी ही बोलेल, कधी ती.

वरून

उत्तर जपानमधल्या मोरिओका शहरातल्या एका काचवाल्याने मला कापलं, कडा घासल्या आणि माशाला दाणे टाकण्यापुरता एक कोपरा छाटला. कियोहिकोने मला वर्तमानपत्रात गुंडाळून छातीशी धरून घरी नेलं. तेव्हा तो बस चालवायचा. रस्ताभर "हळू, हळू" म्हणत होता, बहुतेक स्वतःलाच.

घर म्हणजे एका लाकडी घराचा भाड्याचा वरचा मजला. तिथे तो आणि त्याची थोरली बहीण मित्सुए राहतात. हिवाळ्यात एकाच खोलीत रॉकेलची शेगडी पेटते, बाकीच्या खोल्यांत बोललं तर शब्दांची वाफ दिसते. टाकी शेगडीच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीखाली.

खालून

पाणी कोमट होतं. त्यात गोम्बे राहायचा. गोम्बे म्हणजे रांचू जातीचा सोनमासा: पाठीवर पर नाही, डोक्यावर मांसाचा मुकुट, पोट एखाद्या सुखवस्तू काकांसारखं. म्हातारा झालेला, म्हणून त्याचं पाणी तापवत. वाफ वर यायची, मला बिलगून गार व्हायची आणि थेंब होऊन परत जायची. थेंब पडला की गोम्बेला वाटायचं, जेवण आलं. तोंड उघडून धावायचा. दर वेळी फसायचा आणि दर वेळी तितकाच खूश दिसायचा.

ते माझे सुखाचे दिवस.

वरून

पण रांचू हा वरून बघायचा मासा. त्याच्या पाठीचा बाक, शेपटीचा पसारा, सगळं वरूनच दिसतं. आणि मी कायम धुरकट.

"ताई, हे म्हणजे चष्म्यावर वाफ धरलेली असताना मुलगी बघायला जाण्यासारखं आहे," कियोहिको म्हणाला.

"तुला कुठे कोणी दाखवली होती?"

त्याने मला उचललं. गोम्बेची पाठ बघून तो इतका हरखला की मला परत ठेवायचंच नाही असं त्याने ठरवून टाकलं. मग मित्सुएने मला स्वयंपाकघरात नेलं आणि मुळ्याच्या लोणच्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवलं. वर एक दगड.

खालून

भाताचा कोंडा. मीठ. त्यात मुरणारा मुळा. मित्रांनो, या बाजूला सांगण्यासारखं फार नाही. वास मात्र

(हे वाक्य इथेच सोडते. तुमच्यातलं कोणी जेवायला बसलं असेल.)

वरून, दगडाच्या कडेने

स्वयंपाकघराच्या दारातून मला खोली दिसायची. उघड्या टाकीतलं पाणी घटायचं, कियोहिको भर घालायचा, पुन्हा घटायचं. ते जातं कुठे, हा प्रश्न त्याला पडला नाही. ते खिडकीवर जात होतं. सकाळी काचेला घाम फुटलेला असायचा, ओघळ चौकटीतून भिंतीत शिरायचे, भिंतीतून खाली.

खाली घरमालकीण कुवाबाराबाई राहतात. एके दिवशी त्या दिवंगत नवऱ्याची तसबीर काखेत मारून जिना चढून आल्या.

"हा बघा. देवघरात ठेवलाय मी याला. अख्ख्या संसारात एकदा रडला नाही, आणि आता छतातून थेंब पडून गालावर ओघळतोय!"

"पुसून देऊ का?" मित्सुए घाबरून म्हणाली.

"राहू दे, शोभतंय त्याला. पण माझं छत काळं पडलंय. वसंतातल्या पितरांच्या दिवसांत नातेवाईक येतील. तोवर छत कोरडं झालं नाही, तर मासा घराबाहेर. मासा जाणार नसेल तर तुम्ही दोघं."

"तो फार म्हातारा आहे हो. दुसऱ्या पाण्यात जगायचा नाही," कियोहिको म्हणाला.

"मग करा कोरडं."

कियोहिकोने काय केलं? शेगडी मोठी केली. वर किटली होतीच. आमच्याकडे शेगडीवर किटली नसली तर शेगडी उघडीबोडकी वाटते, दिवसभर तिचं फुसफुसणं चालू हवं. खिडकी आणखी गळू लागली. त्याने आणखी मोठी केली. रॉकेल जळतानासुद्धा वाफच सोडतं, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग इतका बर्फ पडला की गाणं वाजवत येणारी रॉकेलची गाडी आलीच नाही. शेगडी विझली. दोघं खालून विजेवर तापणाऱ्या बुटक्या मेजावरच्या रजईत पाय खुपसून बसली. दुसऱ्या सकाळी मित्सुएने खिडकीवरून बोट फिरवलं.

"शेगडी विझली आणि ओल कमी झाली? हे उलटंच की!"

ती विचार करत करत न्याहारीचा मुळा काढायला आली. तिने दगड उचलला. मला उचललं. आणि थबकली.

खालून

माझी ही बाजू थेंबांनी भरलेली होती. एकेक थेंब टपकन पिंपात परत पडत होता. मित्सुएच्या एका हातात मी, दुसऱ्या हातात ठिबकणारा मुळा.

"कियो! इकडे ये! तुझ्या पाण्याला घर नाही, म्हणून ते खाली कुवाबाराबाईंकडे राहायला गेलंय!"

"काय म्हणतेस काय?"

"बघ ना. माझ्या मुळ्याचं पाणी मुळ्यात पडतं. तुझ्या माशाचं पाणी त्यांच्या नवऱ्यावर!"

वरून

मला गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुतलं आणि टाकीवर ठेवलं. एका कडेखाली बुचाचा तुकडा, म्हणजे मी जराशी तिरकी आणि थेंब घरंगळून आत. किटली शेगडीवरून उतरली. टाकी भिंतीपासून हातभर पुढे ओढली. रोज सकाळी कुडकुडत दोघं खिडकी सताड उघडायची, वर्तमानपत्राने चौकट पुसायची आणि एकमेकांना शिव्या घालत पुन्हा बंद करायची.

पण कियोहिकोला करमेना. तो माझ्याभोवती मांजरासारखा फिरायचा.

"चहाच्या वेळी उचल," शेवटी मित्सुए म्हणाली. "चहा संपला की झाक."

तेव्हापासून त्याच्याइतका सावकाश चहा पिणारा माणूस सगळ्या मोरिओकात नाही.

छपरावरचा बर्फ धपाधप घसरू लागला. कुवाबाराबाईंकडून छताची काही खबर नव्हती. पितरांचे दिवस आले. खालून पाहुण्यांचे आवाज, तांदळाच्या आणि लाल चवळीच्या गोड गोळ्यांचा वास. कियोहिको चहा न पिता नुसता बसून होता.

मित्रांनो, अशा गोष्टीत शेवटी काही शिकवण सांगावी लागते. तर ऐका. ज्यांच्यामुळे नीट दिसत नाही अशा काही वस्तू घरात असतात. त्या अडगळीत टाकण्याआधी, त्या काय अडवून धरत होत्या ते एकदा

(थांबा. जिन्यावर पावलं.)

कुवाबाराबाई गोड गोळ्यांची थाळी घेऊन दारात उभ्या. तसबीर नाही.

"छत?" कियोहिकोच्या तोंडून एवढंच निघालं.

"कोरडं. नवराही. पुन्हा पूर्वीसारखा खडूस दिसतोय, बरं वाटलं." त्या टाकीजवळ बसल्या. "ज्याच्यासाठी एवढी मरमर केलीत, तो दाखवा तरी."

वाफेच्या धास्तीने मला हात न लावता कियोहिकोने टाकीची समोरची काच दाखवली.

"असा नाही रे बाबा! रांचू कोणी बाजूने बघतं का? माझ्या माहेरी अंगणात रांचूंची कुंडं होती. उघड ते."

त्याने मला अर्धी सरकवली. बाई ओणवल्या. गोम्बेला वाटलं, जेवण आलं. त्याने तोंड उघडलं. बाई इतक्या मोठ्याने हसल्या की त्यांच्या श्वासाने माझी वरची बाजू, आयुष्यात पहिल्यांदाच, धुरकट झाली.

कियोहिको फडकं घेऊन धावला. मित्सुएने त्याचा हात धरला.

"राहू दे रे. एवढी ओल चालते."