दोघांचं पथ्य

संतोषने पाण्यात कालवलेलं नागलीचं पीठ आधणात सोडलं आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून पळी एकसारखी फिरवत राहिला. पेज दाटली तशी त्याने तीत जिऱ्याची पूड घातली, वाटी थंड पाण्यात धरून निववली आणि बाहेर आणली. सुवर्णा खिडकीजवळच्या दिवाणावर उशांना टेकून बसली होती. तिने एक घोट घेतला, दुसरा बराच वेळ तोंडात धरून ठेवला आणि मान हलवली.

"अजून थोडी. पोटात काहीतरी जायला हवं."

"नंतर घेते. तुम्ही खाऊन घ्या. बस चुकेल."

ओट्यापाशी उभ्यानेच त्याने मटकीची उसळ आणि भाकरी खाल्ली, वर बिनदुधाचा चहा घेतला.

ओझरच्या विमान कारखान्यात तो फिटर होता. अंगाने दणकट आणि खाण्याचा शौकीन. काळ्या मसाल्याचा रस्सा पोटात गेल्याशिवाय त्याला रविवार रविवार वाटत नसे. शुगर होती, बीपी होतं. वडील आणि थोरला भाऊ दोघेही साठीच्या आत हृदयविकाराने गेले होते. सुवर्णा वर्षानुवर्षं त्याच्या कानीकपाळी ओरडली. तो हसायचा आणि मटणाची नळी चोखत राहायचा.

मग आजारी पडली ती. पोट फुगतंय म्हणून दाखवायला गेले, तेव्हा बीजकोशाचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचलेला होता. पुण्याहून मुलगी प्रतिभा आली, आईजवळ राहिली आणि जाताना बापाला मोबाईलवर बरंच काही दाखवून गेली. मांस, अंडी, दूध, तूप बंद. फक्त धान्य, कडधान्य, भाज्या, फळं. संतोषने डॉक्टरांना विचारलं.

"अवश्य खा," डॉक्टर म्हणाले. "शुगरला चांगलं, हृदयाला चांगलं. पण यांची गाठ यानं जाईल, असं मनात धरू नका."

सुवर्णा शेजारीच बसली होती. परतताना रिक्षात ती म्हणाली, "मी करीन हे पथ्य. पण घरात दोन स्वयंपाक नकोत. तुम्ही रस्सा ओरपणार आणि मी दुधी खाणार, हे नाही चालायचं."

तो लगेच हो म्हणाला. त्या दिवशी तिने माती खायला सांगितली असती, तरी त्याने खाल्ली असती.

डॉक्टरांनी धरू नका म्हटलेलं त्याने मनात धरलंच. कामावरून सुटला की तो पंचवटीच्या बाजारात उतरायचा. तिथे बायडाबाई बसायची. ती मखमलाबादची, सुवर्णाच्या माहेरच्या शेजारची. शेपू, अंबाडी, कोवळा दुधी, जे ताजं असेल ते ती त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवायची आणि पिशवीत भरताना विचारायची, "आमची सुवर्णा कशी हाय?"

"सुधारतेय," तो म्हणायचा. घरी आल्यावर भाजी निवडायला बसायचा. एकेक पान नळाखाली धरून धुताना, यातल्याच कुठल्यातरी पानात तिचं औषध असेल, असं त्याला खरोखर वाटायचं.

कारखान्यात वर्षाची तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरांनी त्याचे आकडे पाहिले आणि मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"काय केलंत हो? शुगर अगदी नॉर्मल. कोलेस्टेरॉल, बीपी, सगळं जागेवर. दोन गोळ्या कमी करू. जे चालवलंय ते सोडू नका."

डॉक्टरांनी हस्तांदोलन केलं तेव्हा संतोषला कोणाची तरी वस्तू आपल्या खिशात सापडल्यासारखं वाटलं. घरी त्याने याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्याच आठवड्यात सुवर्णाच्या पोटात पुन्हा पाणी भरलं. दवाखान्यात सुई घालून ते काढलं. डॉक्टरांनी संतोषला बाजूला घेतलं आणि आता पुढच्या औषधाचा त्रासच जास्त होईल, एवढंच सांगितलं.

रविवारी सकाळी ती म्हणाली, "आज मटण आणा."

तो भाजी चिरत होता. त्याने सुरी खाली ठेवली नाही, पण हात थांबला.

"पथ्य मोडायचं? मग इतके दिवस—"

"आणा हो. वास यावा घरात."

त्याने मटण आणलं. खोबरं, कांदा खरपूस भाजून स्वतः वाटण केलं. रस्सा उकळू लागला तसं घर पूर्वीसारखं वाटायला लागलं, आणि त्याचंच त्याला भय वाटलं. दोन ताटं घेऊन तो दिवाणाशी बसला. सुवर्णाने चमचाभर रस्सा जिभेवर घेतला, डोळे मिटले.

"छान झालाय."

तिने चमचा ठेवला. त्याने भाकरीचा तुकडा मोडून रश्शात बुडवला, तेव्हा तिचा हात येऊन त्याच्या मनगटावर पडला. त्या हाताला वजन असं नव्हतंच.

"तुम्ही नका खाऊ. शुगर किती आली तुमची?"

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. दरवर्षी तपासणी झाली की डॉक्टरच्या नावाने खडे फोडत घरी येता. यंदा गप्प बसलात."

"नॉर्मल आली," तो म्हणाला. गुन्हा कबूल करावा तसा. "सगळंच नॉर्मल आलं."

सुवर्णा हसली. कितीतरी दिवसांत तिचे दात दिसले नव्हते.

"मग जमलं म्हणायचं."

"काय जमलं? पथ्य तुझ्यासाठी होतं."

"डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं होतं," ती म्हणाली. "ऐकलं मी एकटीने."

त्याने तुकडा परत ताटात ठेवला. ती म्हणाली, "मी नुसतं सांगून तुम्ही सोडलं असतं का?" आणि उत्तराची वाट न बघता कूस वळवून डोळे मिटले.

ती झोपल्यावर त्याने पातेलं फडक्यात धरलं आणि खाली नेलं. जिन्याखालच्या खोलीत वॉचमन हिरामण आणि त्याची बायको आशा राहत. पेठ तालुक्याकडची माणसं. आशाने झाकण उघडून पाहिलं.

"एवढा सगळा? पावने आले नाय का, भाऊ?"

"नाही आले."

तो जिना चढू लागला. पूर्वी दुसऱ्या मजल्यावर त्याला कठडा धरून थांबावं लागे, छातीत भाता चालायचा. आज तो चौथ्या मजल्यावर आला तेव्हा श्वास शांत होता. आतून सुवर्णाचं बारीक कण्हणं ऐकू येत होतं. तो दाराबाहेर उभा राहिला, छातीवर हात ठेवून, धाप लागेल म्हणून वाट पाहत. ती लागली नाही.