दुसरा खड्डा खणा

तुम्ही खोटं बोलताय, साहेब, आणि खापर माझ्या ताईच्या डोक्यावर फोडताय.

तुमच्या मोहिमेचं जे यान त्या दूरच्या ग्रहावर उतरलं, त्याचं ड्रिल ताईने इथे बसवलं. जोडणीची खोली इतकी स्वच्छ, की आत शिंकायचीही चोरी. यानाने तिथे खणलं, तर मातीत ओल लागली. पण तो ग्रह कोरडा ठणठणीत आहे, असं तुम्ही आधीच जगाला सांगून बसला होतात. मग तुम्ही भरसभेत म्हणालात, "ही ओल आपल्याच बाईंच्या घामाची. हातमोजा फाटला असणार."

ताई हसली. "एवढ्या प्रवासात माझा घाम वाळला नाही होय?"

"तोंड सांभाळा."

"सांभाळते. तुम्ही शेजारी दुसरा खड्डा खणा. ड्रिलला माझा घाम लागला असेल, तर तो पहिल्याच मातीत पुसला गेला असेल. दुसरा खड्डा कोरडा निघाला, तर मी नोकरी सोडते. ओला निघाला, तर तिथे पाणी आहे आणि जीवही असू शकेल, हे तुम्ही कबूल करा."

तुम्ही ड्रिल बंद करायला लावलंत आणि ताईला माफी मागायला सांगितलंत. तिने मागितली नाही. आता ती घरी बसलीय.

आई तिला म्हणते, "नाक घासलं असतंस तर काय झिजलं असतं?"

"नाकच झिजलं असतं, आई. तिथली ओल नसती आटली."

ड्रिल अजून शाबूत आहे. हुकूम फक्त तुम्हीच देऊ शकता. मग का देत नाही? तुम्ही ताईच्या घामाला भिताय, की तिथल्या पाण्याला? उत्तर द्या.