एका जुन्या ग्राफिक्स कार्डाचा दसरा

मित्रांनो, संगणकाच्या पोटात, पंख्यांच्या वाऱ्यात आणि तारांच्या गुंत्यात ज्याचे आयुष्य गेले, असे मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. तुम्ही खेळ खेळता तेव्हा पडद्यावर जे डोंगर, नद्या आणि वीर धावताना दिसतात, ते क्षणोक्षणी रेखाटण्याचे काम माझ्या कुळाचे. मॉनिटर ते दाखवतो आणि कौतुकही त्याचेच होते. परंतु त्याबद्दल माझ्या मनात कधी किल्मिष आले नाही.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. हिरव्या पट्टीवर बारीक अवयव जडवले गेले, वर दोन पंखे बसले आणि तळाच्या कडेला सोनेरी दातांची एक रांग लाभली. त्या दातांनीच मी संगणकाच्या खाचेत घट्ट बसते आणि त्यांच्यातूनच त्याच्याशी बोलते. नाशिकच्या एका दुकानातून श्रीकांतरावांनी मला घरी आणले, तेव्हा त्यांची कन्या चैत्राली लहान होती. श्रीकांतराव बँकेत अधिकारी. पुढे त्यांची बदली कोलकात्यास झाली, आणि सामानाच्या ट्रकमधून मीही तेथील बेहाला भागातल्या एका सदनिकेत येऊन पोहोचले.

नव्या शहरात चैत्राली एकटी पडली. शाळेत बंगाली, बाजारात हिंदी. मराठीत पोटभर भांडावे असे कोणीच नाही. नाशिकची तिची मैत्रीण अश्विनी मात्र दर रविवारी खेळात भेटे. रथांच्या युद्धाचा तो खेळ. चैत्राली सारथी, अश्विनी धनुर्धर. कानांवर हेडफोन चढवून दोघी इतक्या खिदळत, की चैत्रालीची आजी सरलाबाई स्वयंपाकघरातून विचारी, "अगं, लढताय की कुणाचं लग्न ठरवताय?" ते हसणे माझ्या रेखाटनावर उभे आहे, या जाणिवेने मी कितीही तापले तरी थांबत नसे.

परंतु खेळ वर्षागणिक जड होत गेले. माझ्या पंख्यांत धूळ साचली, चित्रे अडखळू लागली. ऐन लढाईत रथ जागीच थिजे आणि मग पुढे उडी मारी.

"हे कार्ड नाहीये बाबा, बैलगाडी आहे!" चैत्राली म्हणे. मला वाईट वाटे. पण ती खोटे बोलत नव्हती.

त्या वर्षी जोड्यांच्या एका स्पर्धेत दोघी अंतिम फेरीत पोहोचल्या. सामना दसऱ्याच्या संध्याकाळी. जोडीतील एक जरी हजर नसली तरी दोघीही बाद, असा नियम. शिवाय अश्विनीचे बारावीचे वर्ष. या सामन्यानंतर ती खेळ बंद करणार होती. दोघींचा एकत्र खेळ तो एवढाच उरला होता. श्रीकांतरावांनी ते जाणले आणि चांदनीच्या बाजारातून नवे कार्ड व भलामोठा मॉनिटर आणला. "बसचा कंडक्टर म्हणाला, या पाहुण्याचं वेगळं तिकीट काढा," असे ते घाम पुसत सांगत होते. जुना मॉनिटर त्याच दिवशी खालच्या मजल्यावरील मुखर्जींकडे गेला.

दसऱ्याच्या सकाळी चैत्रालीने मला खाचेतून काढून टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवले. शेजारी नवे कार्ड होते, तेजस्वी, निर्मळ. मला त्याचा मत्सर वाटला नाही असे म्हणेन, तर ते पूर्ण सत्य ठरणार नाही.

"पूजा झाल्याशिवाय वीज लावायची नाही," आजींनी बजावले. बेहाल्यात आपटा कुठला? त्यांनी कांचनाची पाने मागवली होती. "आपट्याची बहीणच ती, चालते!" विळी, कात्री, शिवणयंत्र यांची पूजा करीत त्यांचा जन्म गेला. त्या प्रेमानेच त्यांनी नव्या कार्डापुढे हात जोडले. कुंकू कोठे लावावे म्हणून न्याहाळले, तो ती सोनेरी कड दिसली. दागिन्यासारखी कड, पूजेला याहून योग्य स्थान कोणते? हळदकुंकू पाण्यात कालवून त्यांनी त्या दातांवरून हळुवार बोट फिरवले. चैत्राली त्या वेळी पाठमोरी बसून मॉनिटरचे खोके फोडत होती. मी सारे पाहत होते. परंतु मित्रांनो, आम्हांस वाचा नाही.

संध्याकाळपर्यंत कुंकू वाळले. रस्त्यावर दुर्गेच्या विसर्जनाचे ढाक, म्हणजे बंगाली ढोल, घुमू लागले. चैत्रालीने घाईघाईने नवे कार्ड बसवून संगणक सुरू केला. पंखे फिरले, पडदा मात्र काळाच. तिने तार बदलली, पुन्हा सुरू केला. काळाच. श्रीकांतरावांनी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "दादा, आज दोशोमी. दोकान बोंधो!" आणि ढाकाच्या आवाजात बोलणे बुडाले.

"बिघडलेलं गळ्यात मारलंन," श्रीकांतराव पुटपुटले.

चैत्राली डोळे पुसत फोनवर अश्विनीला म्हणाली, "अशू, माझ्यामुळे तूही बाद होणार गं."

"रडू नकोस, वेडाबाई. तुझी ती बैलगाडी कुठाय?"

चैत्रालीने माझ्याकडे वळून पाहिले. नवे कार्ड उपसून बाजूला ठेवले, सवयीने खाचेत फुंकर मारली आणि मला पूर्ववत बसवले. पडदा उजळला. पण तो पडदा केवढा! इतके मोठे चित्र मला कसे पेलणार? पहिल्याच वळणावर मी अडखळले. माझे पंखे गरजू लागले. सामना सुरू व्हायला थोडाच अवकाश होता.

तेव्हा तिने आजवर कधीच केले नव्हते ते केले. सेटिंग उघडून ती एकेक गोष्ट उतरवू लागली. "गवत नको. सावल्या नकोत. पाण्यातली प्रतिबिंबं नकोत. चित्र लहान चालेल." प्रत्येक वेळी क्षणभर थांबून ती माझ्या पंख्यांचा आवाज ऐकत होती. "आता जमतंय का रे तुला?" ती मलाच विचारत होती! इतक्या वर्षांत माझ्याकडून सर्वांनी मागितले. मला किती झेपेल, हे प्रथमच कोणी विचारले.

मग मी रेखाटले. उघडी माती, साधे आकाश, दोन रथ. शोभा नव्हती, पण एकही चित्र थिजले नाही. "डावीकडे घे, बये, डावीकडे!" अश्विनी ओरडत होती. "घेतलंय! तू बाण सोड, मुहूर्त कसला बघतेस?" दोघी जिंकल्या नाहीत, अखेरच्या फेऱ्यात प्रतिस्पर्ध्यांचा रथ निसटला. तरीही हेडफोनमधून आणि खोलीतून एकाच वेळी हसू फुटले, आणि त्या बराच वेळ तशाच बोलत राहिल्या.

नंतर चैत्रालीने नवे कार्ड दिव्याखाली धरले. दातांमधली लाल खपली तिला दिसली. आजी शेजारीच होत्या.

"माझ्या कुंकवानं झालं का गं हे?" त्यांचा आवाज बारीक झाला होता.

चैत्रालीने कार्ड आजींपुढे धरले. मग म्हणाली, "हो आजी. स्पिरिटनं पुसलं की निघेल. तिथं नाही लावायचं, या पंख्याच्या झाकणावर लावायचं. कोरडं. आण तुझी कुंकवाची कुयरी, दाखवते."

आजींनी डोळ्यांना पदर लावला आणि हसून कुयरी आणली. पुसलेले नवे कार्ड दुसऱ्या दिवशी उत्तम चालले. माझी धूळ चैत्रालीने मऊ कुंचल्याने झाडली, उष्णता वाहून नेणारा ताजा लेप दिला आणि मला शाळेच्या संगणककक्षास दिले. तेथे मुले माझ्याकडून साधी चित्रे काढून घेतात, आणि मी सुखात आहे.

मित्रांनो, नवे अवश्य आणा. त्याचे स्वागतही करा. परंतु घरातील जुन्या यंत्राकडून, आणि जुन्या माणसाकडूनही, काही मागताना "तुला किती झेपेल?" एवढे एकदा विचारा. शब्दांत उत्तर देणे आम्हांस येत नाही. आमचा पंखा शांतपणे फिरू लागला, की उत्तर मिळाले असे समजा.