एकच भाव

“काका, पाटी सरळ हाय का बघा की!” स्टुलावरून नंदीशने विचारले.

नवी पेठेतल्या त्या माडीवरच्या दुकानात अडतीस वर्षे गादीवर बसून साड्या उलगडणाऱ्या गुरुशांतने मान वर केली. पाटी सरळच होती. ‘एकच भाव. आठ दिवसांत साडी बदलून मिळेल.’

नंदीश, दुकानाचा धाकटा मालक, खाली उतरला. “पन्नास रुपयांसाठी एक बाई तासभर घासाघीस करते. तेवढ्यात चार गिऱ्हाइकं होतात. तोटा तिचाबी, आपलाबी. चुकतंय का माझं?”

“न्हाय मालक. बरोबर हाय.”

विचारात खरोखरच दोष नव्हता. परंतु संक्रांत चार दिवसांवर आली होती, आणि संक्रांतीच्या आधी सावित्रम्मा येत असे.

ती दरवर्षी एकदा अक्कलकोटहून येई, तासभर भाव करी आणि एक इरकल साडी घेऊन जाई. तिचे माहेर कुंभारीचे, गुरुशांतही तिथलाच. चाळीस वर्षांपूर्वी दोघांचे लग्न जवळजवळ ठरले होते. घराणे, पत्रिका, सारे जुळले, आणि बोलणी दोन तोळे सोन्यावर अडली. गुरुशांतचे वडील उतरले नाहीत. तो स्वतः भिंतीला टेकून नुसता उभा राहिला. पुढे दोघांचेही संसार यथासांग झाले, नातवंडे झाली. मग एका वर्षी ती अवचित या गादीसमोर येऊन बसली आणि म्हणाली, “काय कमी करणार?”

तेव्हापासून तो दरवर्षी उतरत आला होता. दहा-दहा रुपयांनी, सावकाश, कुंडाच्या पायऱ्या उतराव्यात तसा. वडिलांना जिथे एक पाऊल खाली टाकता आले नव्हते, तिथे तो वर्षातून एकदा तळापर्यंत जाऊन येई.

दोन दिवसांनी ती आली.

“बसा,” तो म्हणाला. दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला तो ‘अक्का’ म्हणे; हिला कधीच म्हणाला नव्हता.

तिने हिरव्या इरकलीवर हात ठेवला. “केवढ्याला?”

“अठराशे पन्नास.”

“लई सांगताय. सोळाशे घ्या.”

त्याने पाटीकडे बोट केले. तिने चष्मा लावून ती वाचली.

“म्हंजे उतरायचं न्हाय?”

“आता माझ्या हातात न्हाय.”

“तवा तरी कुटं होतं?” ती हसली. पण पुरते पैसे मोजले आणि उठली.

“बघा काका, नऊ मिनिटं!” नंदीश हर्षाने म्हणाला.

गुरुशांतने त्या आठवड्यात सुट्टी घेतली नाही. जिन्यावर पाऊल वाजले की त्याचे डोळे दाराकडे जात. संक्रांत झाली, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी पेठेत येऊन गेली. आठव्या दिवशी, भर दुपारी, ती पिशवी घेऊन जिना चढून आली.

“रंग बदलून पायजे.”

साडीची घडी मोडलेलीदेखील नव्हती. गुरुशांतने ते पाहिले आणि मागच्या कपाटातला गठ्ठा काढला. जांभळी, डाळिंबी, चिंतामणी. एकेक उलगडू लागला.

“हिचा काठ लई बारीक.”

“ही बघा. पदर भरलेला हाय.”

“ही सुनेला शोभंल. मला काय, गुडघ्याला तेल चोळत बसणारीला?”

“दुखतात का?”

“जिना चढताना. तुमचे?”

“बसून बसून आकडतात.”

नातीची शाळा निघाली, यंदाची ज्वारी निघाली. भावाचा विषय निघाला नाही. घड्याळात दुपार कलली. शेवटी ढिगाखालून तिने स्वतः परत आणलेली हिरवी साडी ओढून काढली.

“हीच बरी हाय की.”

“हीच?”

“हीच.” साडी पिशवीत ठेवताना ती क्षणभर थांबली. “हे बदलून द्यायचं पुढल्या सालीबी ठेवणार का मालक?”

“सांगता येत न्हाय.”

तिने मान हलवली आणि भिंतीला हात लावत, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, जिना उतरून गेली.

“काका, मला कळंना झालंय,” नंदीश जवळ येऊन म्हणाला. “जायचं-यायचं एसटीचं भाडं, आख्खा दिवस, आणि नेली कुठली, तर तीच पहिली! कसला व्यवहार हा?”

समोर तीसएक साड्यांचा ढीग पडला होता. नंदीशने आवरायला हात पुढे केला.

“राहू द्या मालक, घड्या मी घालतो.”

आणि वरची साडी मांडीवर घेऊन, घाई न करता, तो काठाला काठ लावू लागला.