वडनेरवर कमी झालेली हवा

"बाबा, पुढं या. माह्या बाजूले बसा."

"इथंच बरं हाय," दाराजवळच्या सीटवरून बाबा म्हणाले.

म्हणजे राग अजून गेलेला नाही, असं मी समजले. बँकेची नोकरी सोडून मी विमान चालवायला शिकले, तेव्हापासून आमचं बोलणं "जेवली का" आणि "जेवली" एवढ्यावर आलं होतं. देवळीच्या पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाला मुलीने पक्की नोकरी सोडणं पटणार तरी कसं? आज ते माझ्या विमानात बसले होते, तेही हैदराबादला माझ्या भावाकडे त्यांना नातू झाला म्हणून. कंपनीचं छोटं विमान दुरुस्तीसाठी रिकामंच निघालं होतं. साहेबांनी बाबांना नेण्याची परवानगी दिली.

नागपूरहून निघून हिंगणघाट मागे टाकलं तेव्हा आम्ही चोवीस हजार फुटांवर होतो. इतक्या उंचीवर बाहेरची हवा श्वासाला पुरत नाही, म्हणून विमान आत हवा दाबून ठेवतं.

"आकांक्षा!" बाबांनी मागून हाक मारली. आवाज मोकळा होता, लहानपणी बाजारातून येताना असायचा तसा. "एक गंमत सांगू का? देवळीवरून इमान गेलं का मी गच्चीवर जाऊन हात हालवतो. तुह्यं कोन्तं, मले का समजते? म्हून सगळ्याइलेच हालवतो. तुही माय म्हन्ते, म्हातारा बिघडला." ते हसायला लागले.

मीही हसले. अंगभर ऊब पसरली. रेडिओवर कोणीतरी मला दुसऱ्यांदा विचारत होतं, पण उत्तर द्यावंसं वाटेना. बाबा बोलत होते, ते मध्येच तोडायचं कशाला?

बाबा हसतच राहिले. त्यांना मी इतका वेळ हसताना कधी पाहिलं नव्हतं. माझे ओठ बधीर झाले होते. प्रशिक्षणात शिकवलं होतं की प्राणवायू कमी पडला की आधी त्रास होत नाही, मजा वाटते. मी मापकाकडे पाहिलं. आतली हवा अठरा हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ झाली होती. इशाऱ्याचा दिवा लागलाच नव्हता.

आधी स्वतःचा मास्क चढवला. मग ओरडले, "बाबा, डोक्यावरचा मास्क घाला! लवकर!"

"तू घातला का?"

मी मान वळवून तोंड दाखवलं. तेव्हा कुठे त्यांनी घातला.

इंजिनाची ताकद कमी केली, नाक खाली केलं, नागपूरला कळवलं. वडनेरची शेतं वर येऊ लागली. कान ठणकले. दहा हजारांवर विमान सरळ केलं, परत वळवलं आणि मास्क काढून मागे पाहिलं. बाबांच्या गळ्यातल्या दुपट्ट्याचं टोक दारात अडकलं होतं. उरलेला त्यांनी मुठीत घट्ट धरला होता. हवा तिथूनच निसटली होती. दार बंद झाल्याचा हिरवा दिवा मात्र मी स्वतः पाहिला होता.

"अडकला तवाच काऊन नाई सांगितलं?"

"तुह्या कंपनीचे लोक उभे होते. म्हनले असते, हिच्या बापाले दार बी लावता येत नाई."

"मंग धरून काऊन बसले?"

"सुटून पंख्यात गेला असता तं?"

"पंखा समोर हाय, बाबा. सोडा तो, अन् या पुढं."

ते आले, पट्टा बांधून बसले. चेहरा पुन्हा नेहमीसारखा मिटला होता. हवा कमी पडली की माणूस काहीही बोलतो, हे मला माहीत होतं. तरी विचारलं, "मघाशी गच्चीचं काय सांगत होते?"

"गच्चीचं? मी काई बोललो का?"

"काई नाई."

मी समोर पाहू लागले. ते खिडकीतून खाली वाकून पाहू लागले.

"इथून खालचा मानूस दिसते का?"

"नाई दिसत."

"हात हालवला तरी?"

"तरी नाई."

"मंग इतके दिवस..." ते थांबले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

रेडिओवर उत्तर द्यायला मला पुन्हा उशीर झाला. मग मी बाबांना म्हणाले, "मानूस नाई दिसत. पन आकाश साफ असलं का देवळी दिसते. दर येळी पायते मी."

बाबांनी मान हलवली आणि देवळी कोणत्या बाजूला आहे ते विचारलं.